पोटात राहिलेलं तेल

कागुआना, उतुआदो
३ जून १९९१

एवारिस्तोकाका,

आशीर्वाद द्या. रीत आहे म्हणून मागते आहे, मनात आहे म्हणून नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

पत्र आई लिहायला लावते आहे. बाबांना जाऊन दीड महिना होऊन गेला. तुम्ही आला नाहीत. फुलं पाठवलीत, ती मिळाली. आईनं ती कबरीवर ठेवली. माझ्या हाती आली असती तर मी ठेवली नसती.

जाण्यापूर्वी बाबांनी तुम्हाला फोन केला होता, तेव्हा मी शेजारी उभी होते. आजीच्या दफनाला तुमची वाट पाहिली नाही, ती सल त्यांच्या मनात सहा वर्षं होती. वादळात रस्ता वाहून गेला होता, वीज नव्हती, प्रेत ठेवायचं कुठं? तुम्ही दुसऱ्या दिवशी विमानानं आलात तेव्हा माती पडून गेली होती. हे सगळं त्यांनी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं. मधेमधे विचारत होते, "दादा, ऐकतोयस ना?" तुम्ही फोन उचललेला होता. तुमचा श्वास ऐकू येत होता म्हणे. पण तोंडातून एक शब्द काढला नाहीत. बाबांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांचं हृदय थांबलं.

आता कामाचं. बाबांची गाडी पडवीत उभी आहे. इंजिन गुरगुरतं, पण गाडी चढाला जागची हलत नाही, हलली तर थरथरते. बाबांनी अरेसिबोहून दुसरा टॉर्क कन्व्हर्टर आणून ठेवला होता. तो खोक्यात तसाच आहे. गावातला मेकॅनिक म्हणतो, गाडी भंगारात घाला. आई रोज दुपारी मागच्या सीटवर जाऊन बसते. आणि बाबांचं वडाप बंद झाल्यापासून वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना खाली उतरायला दुसरी गाडी नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, सुट्टी लागली आहे. लहानपणी बाबांच्या हाताखाली दिवा धरून मी बरंच पाहिलंय. कन्व्हर्टर मी स्वतः बदलणार आहे. आई म्हणते, त्या गिअरबॉक्सची नस न् नस तुम्हालाच ठाऊक. सांगायचं असेल तर सांगा.

नेरेइदा


वॉटरबरी, कनेक्टिकट
११ जून १९९१

नेरेइदा,

देव तुझं भलं करो. मी हे रीत म्हणून लिहीत नाही.

फोनबद्दल लिहिलंस ते वाचलं. त्यावर मला आत्ता काही लिहिता येत नाही. तुझा राग तुझ्याजवळ ठेव, तो खोटा नाही.

गाडीचं. पहिल्यांदा नाकानं काम करायचं, पान्यानं नंतर. गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी ओढ आणि पांढऱ्या फडक्यावर पुस. चांगलं तेल अचिओतेच्या बिया घालून तापवलेल्या तेलासारखं लाल असतं, तुझी आई भाताला घालते तसं. काळपट तपकिरी असेल आणि करपलेला वास येत असेल, तर इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारा तो कन्व्हर्टर गेलाच.

मग तेल काढ. गाडी कोमट असू दे, गरम नको, गरम तेल कातडी सोलून नेतं. पसरट घमेलं खाली घाल. गिअरबॉक्सच्या तळाला तेलाचा चेंबर आहे, त्याचे नट एका बाजूचे सैल कर, दुसऱ्या बाजूचे राहू देत, म्हणजे चेंबर एका कोपऱ्याला झुकतो आणि तेल सावकाश उतरतं. सगळे नट एकदम काढलेस तर अंघोळ होईल. फर्मीनची, तुझ्या बापाची झाली होती, लग्नाच्या आदल्या दिवशी. तुझ्या आईला विचार, नवरदेवाला कसला वास येत होता ते.

काढलेलं तेल ओढ्यात ओतू नको. डब्यात भरून झाकण लाव.

चेंबरच्या तळाशी काय सापडतं ते कळव, त्याशिवाय पुढे जाऊ नको.

एवारिस्तो


कागुआना
२० जून १९९१

काका,

आशीर्वाद द्या.

तेल काळं निघालं, कॉफीच्या गाळासारखं. वास तर असा की आई आतून ओरडली, "शेंगा करपल्या का गं?" चेंबरच्या तळाशी चांदीच्या भुकटीसारखा गाळ होता, बोटाला चिकटतो आणि चमकतो. तेल गाळायची जाळी बदलली, चेंबर धुऊन परत बसवला.

नवरदेवाची गोष्ट आईला विचारली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. हसता हसता भांडी पुसायच्या फडक्यात तोंड घालून रडली. मला वाटलं, तुम्हाला हे कळावं.

पण काका, एक एक पत्र यायला आठवडा. माझी सुट्टी अशीच संपेल. तुमच्याकडे फोन आहे, आमच्याकडे आहे. मी पान्यासकट पडवीत बसते, तुम्ही तिकडून सांगा, दुपारभरात काम होईल. जुनं काही उकरणार नाही, शब्द देते.

शेजारचा सिप्रियान गिअरबॉक्स उतरवायला हात द्यायला तयार आहे, पण येत्या आठवड्यातच. नंतर तो मळ्यात अडकेल.

नेरेइदा


वॉटरबरी
२७ जून १९९१

नेरेइदा,

देव तुझं भलं करो.

तुझी आई हसली, प्रोव्ही हसली, हे वाचून मी ते पत्र खिशात घालून चर्चला गेलो.

फोन नको. मला फोनवर जमत नाही. कारण विचारू नको.

ती चांदीची भुकटी म्हणजे कन्व्हर्टर आतून झिजला. ती तेलाबरोबर ते थंड करायच्या नळ्यांतही गेलेली असणार. नळ्या सोडव, एका टोकानं साफ करायचं औषध घाल आणि हवा मार, दुसऱ्या टोकाला स्वच्छ येईपर्यंत. हे चुकवलंस तर जुनी घाण नव्या कन्व्हर्टरात जाईल आणि वर्षाच्या आत पुन्हा हेच काम.

आता नीट वाच. गिअरबॉक्स मागे ओढताना कन्व्हर्टर त्याच्यासोबत येतो. चेंबर रिकामा झाला म्हणजे कन्व्हर्टर रिकामा झाला असं समजू नको. निम्मं तेल त्याच्या पोटात राहिलेलं असतं आणि ते खालून निघत नाही. तो कलला की एकदम ओकतो. त्याचं तोंड वर ठेवून दोघांनी उचला, थेट घमेल्यावर न्या आणि मगच पालथा करा. आधी पडवीभर कॉफीची टरफलं पसर. त्या तेलावर पाय पडला तर माणूस उभा राहत नाही. प्रोव्हीला घरात बसव.

सिप्रियानला म्हणावं, थांब थोडा. मळा कुठे पळून जात नाही.

एवारिस्तो


अरेसिबो, इस्पितळात
४ जुलै १९९१

काका,

मी थांबले नाही.

शनिवारी सिप्रियान आला. गिअरबॉक्स जॅकवर घेऊन मागे सरकवला. कन्व्हर्टर हाताला जड लागला, मला वाटलं लोखंडाचंच वजन. तेल तर मी कधीच काढून टाकलं होतं ना! मी तो कलता करून बाहेर ओढला आणि त्यानं सगळं ओकलं. पडवी, पायरी, दारापर्यंत काळं तेल. बाबा सांडलेल्या तेलावर कॉफीची टरफलं टाकायचे, म्हणून मी टरफलांचं पोतं आणायला सिप्रियानच्या घरी धावले, तो नळीनं पाणी मारत बसला. आणि आई आमच्यासाठी कॉफी घेऊन बाहेर आली.

खुबा मोडलाय. शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आहे, पण मला वेगळ्याच नावानं हाक मारते. डॉक्टर म्हणतात, या वयात सांगता येत नाही.

तुमचं पत्र काल आलं. "प्रोव्हीला घरात बसव" हे मी इथल्या बाकावर बसून वाचलं.

चूक माझी आहे. पण काका, फोनवर हे सांगायला किती वेळ लागला असता? "नेरेइदा, तो रिकामा नाही." एवढंच तर सांगायचं होतं.

नेरेइदा


अरेसिबो
११ जुलै १९९१

काल घरी कपडे न्यायला गेले होते तेव्हा फोन वाजला. तुम्हीच होतात ना?

मी हॅलो हॅलो करत राहिले. तिकडून फक्त श्वास, खरखरीत, आणि कोणीतरी रिसीव्हरवर टकटक करत होतं. खेळत होतात का? मी म्हटलं, "काका, तुम्ही असाल तर बोला, आईची तब्येत विचारा, मला शिव्या द्या, काहीतरी बोला." पुन्हा तीच टकटक. मी फोन आपटला.

बाबांना केलंत तेच मला केलंत. म्हणजे बाबांनी काही बरळलं नव्हतं, खरंच असं झालं होतं. माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात अजून होतं की लाइन खराब असेल.

आता लिहू नका. गाडीचं मी बघेन किंवा भंगारात घालीन.


वॉटरबरी
१७ जुलै १९९१

नेरेइदा,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितो. हे एक वाच, मग हवं तर फाड.

मला आवाज नाही.

फेब्रुवारीत घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याला पुढे भोक आहे, तिथून मी श्वास घेतो. तुला खरखर ऐकू आली ती तीच. मी कोणाला कळवलं नव्हतं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं म्हणतात. ते शिकून घ्यावं, मग फर्मीनला फोन करून घाबरवावं, हसेल तो, असं माझ्या मनात होतं.

त्याआधी त्याचाच फोन आला. सवयीनं उचलला. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज. तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. आईला माती दिल्याचं तो सांगत होता. मला ते केव्हाच समजलं होतं, पोरी. वादळ मीही पाहिलं होतं, वाहून गेलेला रस्ता मीच चालत आलो होतो. राग वर्षभरात गेला होता. मग उरली ती नुसती लाज, की आता आपण पहिल्यांदा कसं बोलावं. "ऐकतोयस ना दादा?" म्हणाला, तेव्हा मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. मी रिसीव्हरवर बोटानं ठोकायला लागलो. आमच्या बापाच्या कारखान्यात एकजण गाडीखाली असायचा, एकजण वर. खालचा पान्यानं ठोकायचा, म्हणजे आहे मी, ठीक आहे. फर्मीनला ते ओळखू आलं नाही. कसं येणार, त्याला काय माहीत मी मुका झालोय ते! फोन ठेवल्याचा आवाज झाला आणि मी रिसीव्हर तसाच धरून बसलो.

पत्र लिहायला घेतलं. मला पटपट लिहिता येत नाही. दोन दिवस खाडाखोड केली. तेवढ्यात तुझ्या आईची तार आली. जखम ओली होती, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही.

नंतर म्हटलं, आता सांगून काय? फर्मीन मुक्या माणसाची विनवणी करत गेला, हे दुःख तुम्हाला कशाला द्यायचं? त्यापेक्षा माझ्यावर चिडा. जिवंत माणसाला राग सोसतो.

प्रोव्हीचं वाचलं आणि विचार न करता फोन लावला. मूर्खपणा झाला. तुला घाबरवायचं नव्हतं. तिच्या पडण्याचं तू स्वतःवर घेऊ नको. मी आधी लिहायला हवं होतं.

गाडी भंगारात घालू नको.

एवारिस्तो


अरेसिबो
२६ जुलै १९९१

काका,

आशीर्वाद द्या. मनापासून मागते आहे.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती आता मला ओळखते, वॉकरला धरून खाटेपासून खिडकीपर्यंत जाते. पत्र संपेपर्यंत ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "आणि मी त्याला इतके दिवस दगड म्हणत होते."

मी विचारलं, "आई, त्या दिवशी फोन ठेवल्यावर बाबा काय म्हणाले? मी तर कॉफी करायला आत गेले होते." आई सांगायला तयार नव्हती. मी हट्ट धरला. ते म्हणाले होते, "मोठा आहे तो. रागवायचा त्याला हक्क आहे." एवढंच. मग भिंतीकडे वळले.

मला हे तुम्हाला गोड करून लिहिता आलं असतं. बाबांनी ठोकणं ओळखलं, हसले, असं. वाक्य तयारही होतं माझ्याकडे. पण इतके महिने आपण सगळे एकमेकांपासून लपवतच होतो, आणि त्यातून काय निघालं ते पाहिलं. बाबा तुम्ही रागावला आहात असं समजूनच गेले. पण तुमच्यावर चिडून गेले नाहीत. हे तुम्ही खरं धरा.

मला तुमच्याशी भांडायचंय की तुम्ही एकटे होतात आणि कोणाला कळवलं नाहीत. ते नंतर भांडेन. आज मी बाकावर बसून खूप रडले, शेजारच्या बाईंनी मला त्यांच्या डब्यातला भात दिला.

पडवी घासून घासून पांढरी केली आहे. पुढचं सांगा.

तुमची नेरेइदा


वॉटरबरी
३ ऑगस्ट १९९१

नेरेइदा, देव तुझं भलं करो.

खरं लिहिलंस ते बरं केलंस. खोटं मला कळलं असतं. फर्मीनला हसताना आवाज आवरत नसे, मला फोनवर ऐकू आलं असतं.

पुढचं. नवा कन्व्हर्टर कोरडा बसवू नको. तो आडवा ठेव, तोंड वर, आणि नव्या तेलाची एक बाटली हळूहळू त्याच्या पोटात ओत. घाई केलीस तर बुडबुडे येऊन बाहेर सांडेल. तो ते पितो, वाट बघ. कोरडा फिरला तर पहिल्याच मिनिटाला आतलं जळतं. गिअरबॉक्सच्या पुढच्या रबरी सीलला बोटानं तेल लाव. मग गिअरबॉक्सवर चढव, दोन्ही हातांनी फिरवत आत दाब. तो टप्प्याटप्प्यानं आत बसतो, प्रत्येक वेळी हाताला कळतं. आत गेल्यासारखा वाटला तरी पुन्हा फिरवून बघ. अर्धवट बसलेला असताना नट आवळलेस तर गिअरबॉक्सचा पंप फुटेल.

नंतर तेल थोडं घाल, इंजिन चालू कर, मग उरलेलं. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमधून एकदा फिरव. पट्टी बघायची ती गाडी सपाट जागी, गरम झालेली आणि इंजिन चालू असतानाच. जास्त घालू नको. फेस होतो, आणि फेसाला जोर नसतो.

एवारिस्तो


कागुआना
१९ ऑगस्ट १९९१

काका,

आशीर्वाद द्या.

झाली! गाडी चढावर चढली. सिप्रियान बाजूला बसला होता, भीतीनं दाराची मूठ उपटायची बाकी ठेवली त्यानं. थरथर नाही. कन्व्हर्टर बसताना दुसऱ्यांदा आत गेला तेव्हा मला वाटलं झालं. तुमचं आठवून पुन्हा फिरवलं, आणि आणखी आत गेला.

काल आईला इस्पितळातून त्याच गाडीनं घरी आणलं. ती मागे बसायला तयार नव्हती. म्हणाली, "मागे मी फर्मीनला बघत बसायची. आता पुढे बसते." घाटात वळणावर म्हणाली, "पोरी, तू त्याच्यासारखीच वळण कापतेस," आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

सोमवारपासून वाडीतल्या म्हाताऱ्यांना घेऊन खाली जाईन. शाळा सुरू झाली तरी सकाळची फेरी जमेल.

आता ऐका. येत्या रविवारी मी तुम्हाला फोन करणार आहे. तुम्ही बोलू नका. मी बोलेन, आई बोलेल, तुम्ही ऐका. आणि जानेवारीत तीन राजांच्या सणाला इकडे या. विमानतळावर मी गाडी घेऊन उभी असेन.

तुमची नेरेइदा


वॉटरबरी
२७ ऑगस्ट १९९१

नेरेइदा,

देव तुझं भलं करो. फोनवर तू आशीर्वाद मागून थांबलीस, तेव्हा मी तो दिला. ओठांनी दिला. तो पोचला असं धर.

सगळं ऐकलं. तुमचा कोंबडा, सिप्रियानचा खोकला, प्रोव्हीची शिवी. सहा वर्षांचं एका दमात बोलली ती. तिला सांग, दगड म्हणाली ते मला आवडलं, मला वाटलं होतं त्याहून वाईट म्हणत असेल.

मग तू रिसीव्हर खिडकीत ठेवून गाडी चालू केलीस. इंजिन गोड आहे. पण मागे एक बारीक कुंई ऐकू येते, पंपाची. तेल किंचित कमी आहे. अर्धी बाटली घाल. पडवीत उतार आहे, तिथे पट्टी खोटं सांगेल, रस्त्यावर आणून बघ.

राजांच्या सणाचं मी वचन देत नाही. गाठ पुन्हा दिसते आहे म्हणतात. पुढच्या आठवड्यापासून मला किरणं द्यायला नेतील. लपवायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून लिहितो. घाबरू नको, आणि प्रोव्हीला तूच सांग, हळूच.

तुझं बोलणं चालू असताना मी फर्मीनचा विचार करत होतो. त्यानं फोन ठेवला नसता आणि नुसताच बोलत राहिला असता, गाडीचं, पावसाचं, कशाचंही, तर मी संध्याकाळपर्यंत ऐकत बसलो असतो. त्याला ते कळायला काही मार्ग नव्हता. तुला आहे.

म्हणून रविवारी फोन कर. मधे गप्प बसावंसं वाटलं तर बस, पण ठेवू नको. मी उचलला की समज, मी आहे.

एवारिस्तो